कळवलं तर माझ्या गोठ्याचं काय होईल? लाळ्या-खुरकूत आणि साथ आवरण्याची रीत

आटपाडी तालुक्यातल्या एका तरुण दूध उत्पादकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: गोठ्यात आठ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या) गाई आणि खिलारांची एक जोडी. मागच्या आठवड्यात बाजारातून एक गाभण गाय आणली. काल तिला ताप आला, आज तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत आणि मागचा पाय सारखा झटकतेय. वडील म्हणतात कुणाला बोलू नको, दवाखान्यात कळलं की डेअरी दूध घेणार नाही, बाजार बंद पडेल, गाव आपल्यावर उठेल. कुणीतरी असंही सांगितलंय की सरकार सगळी जनावरं मारून टाकतं. शिवाय पौषात खरसुंडीच्या यात्रेत जोडी विकायची आहे. सांगायचं की गप्प बसायचं?

औषध काय द्यायचं हे तुम्ही विचारलेलंच नाही. खरं बोललो तर माझं नुकसान किती, हे तुम्ही विचारताय. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि नंतर माण-खटाव अशी माझी पशुवैद्यकाची सगळी नोकरी दुष्काळी पट्ट्यात गेली. हा प्रश्न मला गोठ्यागोठ्यांत विचारला गेलाय, बहुतेक वेळा निघताना, गाडीपाशी येऊन, हळू आवाजात. वडिलांची भीती मला खोटी वाटत नाही. तरी माझं उत्तर आधीच सांगतो: आजच्या आज कळवा. तुमची जनावरं कुणी मारणार नाही. काही दिवस अडचणीचे जातील, ते मी लपवत नाही. पण गप्प बसलात तर त्याहून जास्त जाईल, आणि ते एकट्या तुमचं जाणार नाही.

आधी रोगाबद्दल. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून लाळ्या-खुरकूत वाटतो, पण न बघता मी तो ठरवणार नाही. लंपीतही, म्हणजे अंगावर गाठी येणाऱ्या त्वचारोगातही, लाळ येते. तिव्यातही, म्हणजे तीन दिवसांच्या तापातही, जनावर लंगडतं आणि ताप येतो. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: पिसाळलेल्या जनावराचीही लाळ गळते. ते गिळू शकत नाही, आवाज घोगरा होतो, सारखं हंबरतं. म्हणून एकच जनावर लाळ गाळत असेल तर डॉक्टर येईपर्यंत कुणीही त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. वडीलधारी माणसं जीभ ओढून मीठ-हळद चोळायला जातात, त्यांना आधी थांबवा.

लाळ्याच असेल तर डॉक्टरांनी तोंड उघडल्यावर तुम्हालाही दिसेल. जिभेवर, हिरड्यांवर, वरच्या टाळूला फोड येतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. हातमोजा घालून जीभ धरली तर वरची साल ओल्या कागदासारखी हातात येते आणि खाली लालभडक मांस उघडं पडतं. गाय ओठांची मचमच करते, वैरणीला तोंड लावते आणि सोडून देते. खुरांच्या बेचक्यात तसेच फोड असतात, म्हणून ती पाय झटकते. सडावर आले तर धारेला हात लावू देत नाही. ही फुटलेल्या फोडाची साल म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा नमुना. ती खास द्रावणात, बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत जाते आणि विषाणूचा प्रकार कळतो. आपल्या देशात ओ, ए आणि एशिया-1 हे तीन प्रकार फिरतात आणि लसही त्या तिन्हींवर असते. पण हा नमुना पहिल्या दोन-तीन दिवसांतच चांगला मिळतो. जखमा भरत आल्यावर, तोंडाला चार प्रकारची औषधं चोळून झाल्यावर बोलावलंत तर हातात फारसं काही लागत नाही. लवकर कळवा म्हणतो त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. लाळ्याचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 2 ते 14 दिवस जातात, आणि लक्षणं दिसण्याच्या आधीपासूनच जनावर तो श्वासातून, लाळेतून, दुधातून बाहेर टाकू लागतं. म्हणजे तुमची नवी गाय काल आजारी दिसली, तरी शेजारच्या दावणीवरच्या गाईंपर्यंत तो परवाच पोचलेला असू शकतो. आता तुमच्या गोठ्यात रोज कोण येतं ते आठवा. दूध गोळा करणारा येतो, त्याचे कॅन दहा दारांत टेकतात. रेतन करणारा येतो. पेंडवाला येतो. शेजारी वैरण कापायचं यंत्र मागायला येतो. हे सगळे तुमच्याकडून निघून पुढच्या गोठ्यात जातात आणि यातल्या कुणालाही माहीत नाही. तुमच्या गप्प राहण्याचा एकेक दिवस असा वाटला जातो.

आपल्या भागात यात हंगामाचीही भर पडते. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बैल घेऊन येतात. गाडीतळावर शेकडो बैल एका पाण्यावर उभे राहतात. त्याच वेळी पुसेगाव, औंध, खरसुंडी, जत इथल्या यात्रा-बाजार भरतात. विजापूरकडून जनावरं येतात, तिकडे जातात. मेंढरांचे कळप रानोमाळ फिरत असतात, आणि मेंढ्यांत हा रोग इतका सौम्य असतो की पुष्कळदा धनगराच्याही लक्षात येत नाही. अशा दिवसांत एका गोठ्यातली बातमी वेळेवर कळणं आणि न कळणं यात तालुक्यांचं अंतर पडतं.

हे मी नुसतं घाबरवायला सांगत नाही. ब्रिटनमध्ये 2001 साली नेमकं हेच घडलं. उत्तरेकडच्या एका डुक्करपालनात जनावरं आजारी होती, मालकाने कळवलं नाही. विषाणू जवळच्या मेंढ्यांत गेला, मेंढ्या बाजारात गेल्या, बाजारातून देशभर गेल्या. पुढे दूरच्या एका कत्तलखान्यात तपासणीत रोग सापडला, तोवर पन्नासहून अधिक ठिकाणी तो पोचलेला होता. शेवटी 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. तुमच्या कानावर आलेली "सरकार मारून टाकतं" ही गोष्ट बहुतेक तिकडूनच आलीय.

मग आपल्याकडे तसं का होत नाही? ज्या देशात एखादा रोग मुळात नाहीच, तिथे तो शिरल्यावर पहिल्याच ठिकाणी बाधित कळप संपवून परत रोगमुक्त होणं त्यांना परवडतं, कारण त्यांचा मांस-दुधाचा परदेशी व्यापार त्या दर्जावर चालतो. आपल्याकडे लाळ्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. लस आहे. बहुतेक मोठी जनावरं उपचाराने बरी होतात. गोवंश मारायला कायद्याने बंदी आहे, आणि एक-दोन जनावरांवर घर चालवणाऱ्याकडून ती काढून घेणं इथे कुणालाच मान्य होणार नाही. म्हणून लाळ्या असो की लंपी, आपली रीत म्हणजे आजारी जनावर वेगळं करणं, हालचाल थांबवणं आणि भोवतीने लसीकरण.

मारण्याची वेळ आपल्याकडेही येते, पण ती ठरावीक रोगांत. बर्ड फ्लू हे ठळक उदाहरण. भारतात तो पहिल्यांदा 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. त्यात बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरपर्यंतचे पक्षी नष्ट करतात आणि 10 किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात, कारण तो कोंबड्यांत झपाट्याने मरणं आणतो आणि माणसालाही होऊ शकतो. डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 साली ईशान्येकडून देशात आला. त्यावरही कळप नष्ट करण्याचाच मार्ग आहे, कारण आपल्याकडे द्यायला लसच नाही. बर्ड फ्लूची भरपाई मात्र नीट समजून घ्या, माझ्या पोल्ट्रीवाल्या मित्रांनो: ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. जो मर दिसताच कळवतो त्याचे जास्त पक्षी मोजले जातात, आणि जो आठवडाभर थांबतो त्याच्या हाती रिकामं शेड राहतं.

लंपीच्या वेळीही असंच होतं. हा रोग 2019 पर्यंत आपल्या देशात नव्हता, त्या वर्षी ओडिशात सापडला आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात झपाट्याने पसरू लागला. राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना दिली गेली. मेलेल्या दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार अशी मदत त्या वेळी सरकारने दिली. ज्यांनी जनावर आजारी असतानाच दवाखान्यात नोंद केली होती, त्यांचे पंचनामे सरळ झाले. ज्यांनी लपवून पुरून टाकलं, त्यांना दाखवायला काही नव्हतं. एका बाईंनी माझ्यासमोर गाईच्या कानातला कापून ठेवलेला पिवळा बिल्ला काढून दाखवला होता, पण त्या बिल्ल्याच्या नंबरापुढे आजाराची एकही नोंद नव्हती. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मात्र ती मदत लंपीसाठी त्या वेळी घेतलेल्या निर्णयाची होती. लाळ्याला तशीच मिळेल असं मी सांगणार नाही. विमा असेल तर पॉलिसीच्या अटी आजच वाचा, कारण दाव्याला बिल्ला, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. तिन्ही गोष्टी सरकारी दवाखान्याच्या वाटेवरच आहेत.

आता कळवल्यावर नेमकं काय घडतं ते सांगतो. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांबाबतचा केंद्राचा 2009 चा कायदा आहे. त्याच्या यादीतल्या रोगाची शंका आली की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्याला, असं त्यात बंधनकारक आहे. लाळ्या-खुरकूत आणि लंपी दोन्ही त्या यादीत आहेत. आजारी जनावर वेगळं ठेवणं हेही मालकाचंच कर्तव्य आहे. प्रत्यक्षात तुम्ही थेट दवाखान्यात फोन केलात किंवा 1962 या जनावरांच्या मदतीच्या नंबरला लावलात तरी काम होतं. खात्री असण्याची अट नाही, शंका पुरेशी आहे. शंका खोटी निघाली तर माझ्यासकट कुठलाही डॉक्टर सुटकेचा श्वासच सोडेल.

डॉक्टर येतील, तपासतील, नमुना घेतील. तो पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो. अहवालाची वाट बघत कुणी बसत नाही, लक्षणं स्पष्ट असतील तर काम त्याच दिवशी सुरू होतं. मग तुम्हाला प्रश्न विचारले जातील: गाय कुठल्या बाजारातून, कुणाकडून, कुठल्या पिकअपमधून आणली, त्या गाडीत आणखी कुणाची जनावरं होती, आणल्यापासून तुमच्या गोठ्यातून काय बाहेर गेलं, वासरू विकलं का, शेण कुणाला दिलं का. लोकांना हे पोलिसी वाटतं आणि ते तोंड आवरतात. पण साथ आवरण्यातलं सगळ्यात कामाचं काम हेच आहे. त्या पिकअपमधली बाकीची जनावरं चार गावांत गेलेली असतात, आणि आपल्याला ती आजारी पडण्याआधी गाठायची असतात. बाजाराची पावती आणि गाडीवाल्याचा नंबर आत्ताच शोधून ठेवा.

त्यानंतर भोवतीचं लसीकरण. ते बाहेरच्या गावांकडून आत, बाधित गावाकडे येत करायचं असतं. लस दिल्यावर पुरती ताकद यायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून जिथे विषाणू अजून पोचलेला नाही तिथे आधी द्यायची. उलट केलं तर लस देणारं पथकच बाधित गोठ्यातून निघून निरोगी गोठ्यात जातं. तुमच्या गोठ्यात लगेच लस द्यायला आले नाहीत म्हणून रागावू नका. जी जनावरं आतून आजारी झालेली आहेत त्यांना आता लस दिल्याने थांबणार नाही, आणि एकच सुई दहा जनावरांना टोचली तर रोग हाताने पसरवल्यासारखं होईल.

गरज वाटली तर जिल्ह्याचं पशुसंवर्धन खातं आणि प्रशासन परिसरातली ने-आण आणि बाजार बंद करण्याचा आदेश काढतं. किती अंतराचा, किती दिवसांचा, हे किती गावांत रोग दिसला, कुठला रोग आहे, यात्रा किती जवळ आहे यावर ठरतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत काय होईल ते मी इथून सांगू शकत नाही. एवढं मात्र पाहिलंय, की एका-दोन गोठ्यांत असताना कळलं तर पुष्कळदा मोठ्या बंदीची वेळच येत नाही. पंधरा गावांत पसरल्यावर कळलं तर अख्ख्या हंगामाचे बाजार जातात. वडील ज्या बाजारबंदीला भितात, ती लवकर कळवण्यामुळे होत नाही, उशिरा कळण्यामुळे होते.

डेअरीबद्दल. लाळ्या माणसाच्या आरोग्याला धोका मानला जात नाही, आणि डेअरीत दूध तापवलं जातंच. तरीही आजारी गाईचं दूध डेअरीला घालायचं नाही. त्यात विषाणू असतो, आणि प्रतिजैविक टोचलं असेल तर त्याचा अंशही उतरतो. निरोगी गाईंच्या दुधाचं काय करायचं हे डॉक्टरांना डेअरीच्या माणसांशी बोलायला सांगा. कॅन रस्त्यावर आणून द्यायचा, संकलनवाल्याने गोठ्यात पाय ठेवायचा नाही, कॅन सोड्याच्या पाण्याने धुवून परत, अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी बसते. एखाद्या ठिकाणी काही दिवस दूध नाकारलंही जातं. ते नुकसान खरं आहे आणि ते भरून देणारी सोय फारशी नाही, हे मी कबूल करतो.

तोवर आज संध्याकाळी करायचं ते असं. नव्या गाईला दावणीवरून काढून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधा. तिची वैरण, पाणी, बादली वेगळी. निरोगी जनावरांचं सगळं काम आधी, तिचं शेवटी, आणि शक्य असेल तर घरातलं एकच माणूस तिच्याकडे जाऊ दे. धुण्याचा सोडा आणा, दहा लिटर पाण्याला 400 ग्रॅम. त्याने हात, पाय, चपला, भांडी, गोठ्याची जमीन धुवा, पण आधी शेण खरवडून काढा. शेणावर टाकलेला सोडा वाया जातो, आणि दारात ओढलेल्या कोरड्या चुन्याच्या रेषेने समाधानापलीकडे फारसं काही होत नाही. डॉक्टरांनी बघितल्यानंतर तोंड तुरटीच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्याने धुवा आणि बोरिक-ग्लिसरीन लावा. खुरं धुवून माश्या बसणार नाहीत असं मलम लावा, नाहीतर अळ्या पडतात. कडबा देऊ नका, तिला चावणार नाही. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, हिरवा मऊ चारा द्या. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही, ते जखम चिघळू नये म्हणून असतं, कधी लागतं हे डॉक्टर ठरवतील.

लहान वासरांची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. त्यांच्यात हा विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. तोंडात एकही फोड नसताना वासरू पितापिता कोसळतं आणि जातं. आजारी गाईखाली वासरू सोडू नका. निरोगी गाईचं दूध उकळून, कोमट करून पाजा. मोठी गाय बहुतेक वाचते, पण एचएफमध्ये पुढे धाप लागणं, उन्हात न टिकणं, गाभण न राहणं, कास सुजून दगडी होणं हे मागे राहतं आणि दूध पूर्वीइतकं येत नाही. म्हणून "बरी झाली की संपलं" असं धरून चालू नका.

तुम्ही कदाचित म्हणाल, बिल्ला आहे, लस झालीय, तरी का झालं? केंद्राचा लसीकरणाचा कार्यक्रम 2019 पासून चालू आहे आणि दर सहा महिन्यांनी लस दिली जाते, पण बाजारातल्या गाईला ती खरंच कधी दिली हे तुम्हाला माहीत नसतं. लस दिल्यावर दोन दिवस दूध कमी येतं म्हणून पुष्कळजण पथकाला दारातून परत पाठवतात. बर्फ तुटला तर लसीची ताकद जाते. वासराला पहिली मात्रा दिल्यावर महिनाभरात दुसरी लागते, ती राहून जाते. नवं जनावर आणलं की तीन आठवडे वेगळं बांधायचं, हे यापुढे घराचा नियम करा.

बुळकांडी, गुरांची ती जीवघेणी साथ, आठवते का घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दावणीच्या दावणी एका आठवड्यात रिकाम्या व्हायच्या. आपल्या देशात तिची शेवटची साथ 1995 साली झाली आणि 2011 साली ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. लस चांगली होती म्हणून हे झालं, पण शेवटच्या टप्प्यात लस मुद्दाम बंद केली होती. रोग कुठे उरला असेल तर तो दिसावा म्हणून गावोगाव जाऊन विचारपूस केली जायची, आणि शेतकरी तोंड उघडून सांगायचे. त्यांच्या सांगण्यावर ते काम उभं होतं.

खिलारांच्या जोडीचं. आज ते निरोगी दिसत असले तरी आजारी गाईच्या गोठ्यातले आहेत. त्यांना यात्रेत न्यायचं नाही, आणि वडिलांनी घाईने आठवड्यात कुणाला विकून मोकळं व्हायचा विचार केला असेल तर तोही नाही. विकत घेणाऱ्याचं घरही तुमच्यासारखंच आहे. डॉक्टर सांगतील तोवर जोडी दाव्यालाच राहू दे, खायला-प्यायला द्या, रोज सकाळी ताप बघा. यंदाची पौषातली यात्रा हुकली तर चैत्रातली आहे. आणि फोन वडिलांसमोरच लावा, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनाही ऐकू येईल.